पाठ नसलेला फोटो

हनुवटीकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पण ते वाचायला आजवर कुणी मान वर केलेली नाही, आणि एकदा आत गेलं की मान वर करायची सोयच नसते. "हनुवटी खाली," काका म्हणतात. माणूस हनुवटी खाली घेतो. "अजून थोडी. अहो, एवढी नाही. फोटो काढायचाय, माफी मागायची नाहीये." चाळीस वर्षं हेच चाललंय. शाळेच्या दाखल्याचा फोटो असो, नोकरीच्या अर्जाचा असो नाहीतर लग्न जुळवायचा, प्रत्येकाची हनुवटी काकांनी एकदा तरी जागेवर आणलेली आहे. त्यामुळे नाव पडलं ते पडलं.

स्टुडिओ म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या वर असलेली एक लांबट खोली. फिरवून उंच करायचं गोल स्टूल, तीन दिवे, एक निळा पडदा, एक पांढरा. कोपऱ्यात आरसा, आणि आरशाशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा. खुंटीवर एक काळा कोट, जो पाठीकडून उभा फाडून त्याला नाड्या लावल्या आहेत, म्हणजे तो लहानथोर सगळ्यांना बसतो. पुढून साहेब, मागून मोकळा. बाहेर रस्त्याच्या बाजूला काचेची पेटी, तिच्यात काकांच्या मते बरे उतरलेले फोटो. त्या पेटीत जागा मिळावी म्हणून लोक आडून आडून बोलत. "काका, यंदा कोणाकोणाचे लावणार?" असं विचारत, जणू निवडणुकीची तिकिटं वाटायची आहेत.

पण काकांचा खरा जीव एका शिक्क्यात. लाकडी मुठीचा, रबराचा. त्यावर तीन ओळी: वर स्टुडिओचं नाव, मध्ये नंबर लिहायला रिकामी जागा, खाली 'परवानगीशिवाय प्रत काढू नये'. धुऊन वाळवलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तो उठायचाच. त्या काळी ते पुरेसं होतं. कुणाला आणखी प्रत हवी असली की फोटो उलटा करायचा, नंबर बघायचा आणि काकांकडे यायचं, कारण निगेटिव्ह काकांच्या कपाटात. काकांचा असा ठाम समज झाला होता की फोटोची राखण त्याची पाठ करते.

पाच वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. शाळेत गणित शिकवते. बोलायला गोड, पण उत्तर चुकलं की सोडत नाही. तिने सासऱ्यांची कपाटं पाहिली, पेटीतले फोटो पाहिले, आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं रस्त्यावरच्या चार माणसांनाच का दिसावं? इंटरनेटवर एक पान करूया तुमचं."

काका आठवडाभर विचारात पडले आणि मग जोरात कामाला लागले. चाळीस फोटो निवडले. आता ते फोटो डिजिटल कॅमेऱ्यातलेच होते, म्हणजे संगणकात तयार पडलेले. पण काकांनी काय केलं, तर ते चाळीसही फोटो मोठ्या आकारात छापले. प्रत्येकाच्या पाठीवर शिक्का उठवला, नंबर घातला, खाली सही केली, शाई वाळू दिली. आणि मग एकेक फोटो स्कॅनरवर पालथा घालून पुन्हा संगणकात घेतला, तोही यंत्राला जमेल तेवढा मोठा करून.

सुनेला ते कळलं तेव्हा ती पेपर तपासत होती. "बाबा, फाईल होती ना आपल्याकडे? परत छापून स्कॅन कशाला?"

"मग शिक्का कुठे मारू? पडद्यावर?"

"पण शिक्का तर मागे राहिला."

"शिक्का मागेच असतो पोरी. कुणाला कधी दिसत नाही. पण असतो ना?"

सुनेला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. तिने हसून फोटो पानावर चढवून दिले आणि पेपरांकडे वळली. त्या घरात गंमत नेमकी कधी चालली आहे आणि कधी नाही, हे कळायला पाच वर्षं अपुरी पडतात.

आता सिस्टरबद्दल. गावात नर्सेस पुष्कळ, पण नुसतं 'सिस्टर' म्हटलं की एकच. चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. निम्म्या गावाने जगात आल्यावर पहिला चेहरा तिचा पाहिलेला, त्यात काकांचा मुलगाही आला. निवृत्तीच्या दिवशी ती ड्यूटी संपवून गणवेशातच स्टुडिओत आली होती, पेन्शनच्या कागदांना फोटो हवा म्हणून. काका सवयीने म्हणाले, "हनुवटी खाली." ती म्हणाली, "चौतीस वर्षं मी बायकांना श्वास घ्या, श्वास सोडा सांगत आले. आज कुणीतरी मला काहीतरी करायला सांगतंय, बरं वाटलं." आणि हसली. काकांनी बटण दाबलं.

तो फोटो काकांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. पांढरा गणवेश, छातीला लावलेलं छोटं घड्याळ, आणि असा चेहरा की बघणाऱ्याला वाटावं, आता सगळं नीट होणार. काकांनी भीत भीत विचारलं, "काचेत लावू का?"

"लावा. पण माशा बसल्या तर पुसत जा."

हा फोटो काचेत गेला. आणि चाळिसात त्याचा पहिला नंबर होता, म्हणून इंटरनेटवरही गेला.

वर्ष-दीड वर्ष काही झालं नाही. उलट लोक कौतुक करायचे. मग एका सकाळी एक पहिलटकरीण तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळाचा ओळखपत्राचा फोटो. अशा गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवता येत नाही. पांढऱ्या चादरीवर निजवायचं आणि स्वतः स्टुलावर उभं राहून वरून काढायचा. काका वर चढले, पण बाळ पाय पोटाशी घेऊन नुसतं किरकिरत होतं.

"झोप झाली नाही का त्याची?"

"चार दिवस झाले, पोट बिघडलंय. नवीन पावडर चालू केली की होतं म्हणे थोडं."

"कसली पावडर? एवढ्याशा जिवाला?"

"सिस्टरनीच सांगितलीय."

"कोणत्या सिस्टरनी?"

"आपल्याच हो. तुमच्या काचेत आहेत त्या." आणि तिने मोबाईल पुढे केला.

काका स्टुलावरून खाली उतरले. पडद्यावर सिस्टर हसत होती. तिच्या गालाशी पावडरचा डबा चिकटवलेला. खाली मोठ्या अक्षरांत: 'दूध पुरत नाही? चौथ्या आठवड्यापासून द्या. ज्येष्ठ आहारतज्ज्ञांचा सल्ला.' काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. सिस्टरच्या दोन्ही डोळ्यांत तिरक्या चौकोनासारखा उजेड होता. तो उजेड काकांनी स्वतःच्या हाताने, जुन्या छत्रीवर पांढरं कापड ताणून केलेल्या दिव्याचा होता. आपलं अक्षर ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला. फोटोत आणखीही काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना.

"ही पावडर आज देऊ नकोस," ते म्हणाले. "मी विचारून येतो. राहतेस कुठे?"

"गिरणीच्या मागे. पण काका, सिस्टरनी सांगितलंय तर..."

"त्यांनाच विचारायला जातोय."

काकांनी भर सकाळी दुकानाला कुलूप लावलं. दवाखान्यामागच्या गल्लीपर्यंत जाता जाता त्यांनी त्या पावडरवाल्याचा मनातल्या मनात इतका उद्धार केला की गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत शब्द संपले. आणि शब्द संपल्यावर एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्या माणसाने सिस्टरला विचारलं नव्हतं हे खरं. पण काकांनी तरी कुठे विचारलं होतं? काचेत लावू का, एवढंच. काच म्हणजे रस्त्यावरचा एक खांब ते दुसरा खांब. इंटरनेटला खांब नसतात.

सिस्टर दुसऱ्या मजल्यावर राहते. ती वॉर्डातल्या बाळांच्या दुपट्यांसाठी जुन्या चादरीचे सारख्या मापाचे तुकडे करत बसली होती. हात रिकामे ठेवायचं तिला जमत नाही. काकांनी आपल्या मोबाईलवर ती जाहिरात शोधून काढली आणि पुढे धरली.

तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मी घड्याळ उजवीकडे कधीच लावलं नाही."

तेच खटकत होतं. फोटो आरशात दिसतो तसा उलटा केलेला होता.

"हा फोटो तुमचाच ना, फोटोवाले? यांच्याकडे कसा गेला?"

"मी इंटरनेटवर टाकला होता," काका म्हणाले. "तुम्हाला काचेचं विचारलं होतं. याचं विचारलं नाही. चूक झाली." त्यांची हनुवटी त्या वेळी बरोबर जिथे असायला हवी तिथे, किंबहुना जरा जास्तच खाली होती.

त्यांना वाटलं, आता ती बोलेल आणि बोलायलाच हवं. पण सिस्टरने कात्री ठेवली आणि विचारलं, "कुठल्या बाळाला दिलीय ही?"

"गिरणीच्या मागे. तीन महिन्यांचं आहे. पोट बिघडलंय म्हणे चार दिवस."

"मग बसलात काय? ती पिशवी घ्या माझी." आणि ती चप्पल घालायला लागली.

काका पुढे कित्येकदा हे सांगत. रागावायला तिला पूर्ण हक्क होता, वेळही होता, आणि समोर माणूसही तयार बसलेला होता. तिने तो हक्क बाजूला ठेवला आणि जिना उतरली. माणसं फोटोत चांगली दिसावीत म्हणून आपण दिवे हलवत बसतो, आणि काही माणसं दिवा न लावताही तशीच असतात, हे त्यांना पिशवी घेऊन मागून जाताना कळलं.

सिस्टरने बाळाचे ओठ, टाळू, पोटाची कातडी असं सगळं बघितलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. अंगातलं पाणी थोडं कमी झालं होतं, पण वेळेत आणलं, काळजीचं नाही. पावडर बंद. ती पोरगी रडायला लागली. "मला वाटलं, तुम्हीच सांगताय. तुमच्याच हातावर जन्मलेय मी, सिस्टर. मी कशाला शंका घेऊ?"

सिस्टर तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. घरी परतताना म्हणाली, "फोटोवाले, चौतीस वर्षांत मी एकच वाक्य पाठ केलं आणि करून घेतलं. सहा महिने फक्त आईचं दूध. सासवांशी भांडले, एका डॉक्टरशीही भांडले. आणि आता माझंच तोंड उलटं बोलतंय. किती जणींनी ऐकलं असेल?"

काकांनी तिची पिशवी दारात ठेवली. ते घरी आले आणि सुनेसमोर बसले.

सुनेने आधी डोक्याला हात लावला. "चूक माझी आहे बाबा. एवढे मोठे फोटो, ना नाव ना काही, सगळ्या जगाला उघडे. मी बघायला हवं होतं."

"नाव होतं की. पाठीवर."

"बाबा, पडद्यावरच्या फोटोला पाठ नसते."

मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "कंगव्याला दोरी बांधली, आणि माणसं सोडली मोकळी." काकूंना दिवसातून एकदाच बोलायचं असतं, पण त्या वेळ अचूक निवडतात.

सुनेने संगणकात एक युक्ती दाखवली. शब्द टाकून जसं शोधतात, तसाच फोटो टाकूनही शोधता येतो; हा चेहरा आणखी कुठे कुठे आहे ते यंत्र सांगतं. सिस्टर सहा ठिकाणी सापडली. पावडर होतीच. एका दूरच्या रुग्णालयाच्या पानावर ती कुठल्याशा परक्या नावाने मुख्य अधिकारी होती. एका ठिकाणी गुडघ्याच्या तेलाने बरी झालेली आजी. "बढती तरी मिळाली," काका म्हणाले, पण त्यांना हसू आलं नाही.

मग सुनेला राहवेना, म्हणून तिने उरलेले एकोणचाळीसही शोधले. पोस्टमनचं हसू एका दंतवैद्याच्या जाहिरातीत निघालं. पोस्टमनचे पुढचे दोन दात नकली आहेत, ही गोष्ट वेगळी.

तक्रार करायची ठरली. जिथे जाहिरात दिसते त्या कंपनीकडेच तक्रारीचा फॉर्म असतो. काका म्हणाले, मी लिहितो, पत्र लिहिण्यात माझा हात चांगला आहे. त्यांनी 'महोदय, सप्रेम नमस्कार' इथून सुरुवात केली, आपली चाळीस वर्षं सांगितली, सिस्टरची चौतीस सांगितली, आणि 'आपल्या घरीही लहान मूल असेलच' असं म्हणून शेवट केला. दोन मिनिटांत उत्तर आलं: माहिती अपुरी आहे.

"दोन मिनिटांत कसं वाचलं त्यांनी?"

"बाबा, ते यंत्र आहे."

"यंत्राला मी महोदय म्हटलं?"

दुसऱ्यांदा सून बसली. ती प्रश्न विचारी, काका उत्तर देत, आणि वर्गात फळ्यावर गणित मांडावं तशी ती मांडणी करी. आपला फोटो जिथे पहिल्यांदा टाकला त्या पानाचा पत्ता. चोरलेला जिथे आहे त्याचा पत्ता. दोन्हींची पडद्यावरची छबी तारखेसकट जपून ठेवायची, कारण चोर वास लागला की पान उडवतो. आणि पुरावा, की फोटो तुमचाच.

"पुरावा काय देऊ? छापलेल्या फोटोचा शिक्का?"

"मूळ फाईल आहे ना? कॅमेऱ्यातली?"

इथे काकांचा एक दुर्गुण कामी आला. त्यांच्याच्याने काही पुसवत नाही. डोळे मिटलेले, शिंकताना पकडलेले, हललेले, सगळे फोटो ते ठेवतात. काकूंच्या साड्यांच्या कपाटाचा एक खण त्या डब्यांनी भरलेला आहे. त्यातून सिस्टरचा तो दिवस निघाला. एकूण अकरा फोटो. हसण्याच्या आधीचा, ज्यात ती पेन्शन अडवणाऱ्या कारकुनाकडे बघावं तशी बघतेय. हसण्याच्या नंतरचा, तोंडावर हात धरलेला. प्रत्येकात तारीख, वेळ, घड्याळ डावीकडे.

सून खुर्चीतच ताठ झाली. "बाबा, चोराकडे एकच फोटो असतो. ज्याने काढलाय त्याच्याकडे आधीचा असतो आणि नंतरचाही."

तक्रारी दोन झाल्या. एक काकांची, माझा फोटो न विचारता वापरला म्हणून. दुसरी सिस्टरची, माझा चेहरा न विचारता वापरला म्हणून, आणि तोही तान्ह्या बाळांना घातक गोष्ट विकायला. दुसरीवर सही करायला सिस्टर स्वतः आली, सगळं वाचलं, आणि एका ठिकाणी 'घातक'च्या आधी 'अत्यंत' घालायला लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेने शाळेतूनच फोन केला, "बाबा, उघडून बघा." काकांनी उघडलं. सिस्टरच्या जागी राखाडी चौकोन होता आणि एक ओळ: हा मजकूर आता उपलब्ध नाही. काकांनी आयुष्यात हजारो चेहरे पाहिले, पण त्या रिकाम्या चौकोनाइतकं देखणं त्यांना फारच थोडं वाटलं असेल. कोण जाणे, ते बटण यंत्राने दाबलं की कुठल्या माणसाने. काकांनी तरीही मनातल्या मनात त्याला सप्रेम नमस्कार केला.

आठ दिवसांनी तीच जाहिरात दुसऱ्या नावाने परत आली. सुनेने तयार ठेवलेला फॉर्म पुन्हा पाठवला. पुन्हा चौकोन. चोर कंटाळेपर्यंत आपण कंटाळायचं नाही, एवढाच त्यातला हिशेब, असं ती म्हणाली.

पण उतरवलेली जाहिरात म्हणजे पुसलेलं बोलणं नव्हे. ते काम सिस्टरने केलं. पावडरचा डबा घेऊन ती आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली आणि तिथल्या साहेबाच्या टेबलावर तो ठेवून समोर बसून राहिली, साहेब जेवून येईपर्यंत. औषधाच्या दुकानातून पावडर हलली. मग ती रोज सकाळी लसीकरणाच्या खोलीबाहेर बाकावर बसायला लागली. येणाऱ्या प्रत्येक आईला सांगायची, ती मी नव्हे, आणि हे असं नव्हे. काका पहिल्या दिवशी तिच्याबरोबर गेले होते, मूळ फोटो हातात धरून. एक बाई म्हणाली, "पण तुमचाच तर फोटो होता." सिस्टर म्हणाली, "फोटो माझा होता. बोलणं दुसऱ्याचं होतं." त्या बाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. पटलं की नाही, कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ती शेजारणीला घेऊन आली तेव्हा कळलं.

त्या बाकावरून उठून काका घरी आले आणि त्यांनी पानावरचे चाळीसही फोटो उतरवले. मग एक वही घेतली, चाळीस नावं लिहिली आणि दारोदार निघाले. तुमचा फोटो मी इंटरनेटवर टाकला होता, विचारलं नव्हतं, आता विचारतो. टाकू का?

लोकांना आधी वाटलं, हे काहीतरी विकायला आलेत. पोस्टमन म्हणाला, "टाका, पण तोंड मिटलेला असेल तर." एका जोडप्याने हो म्हटलं, पण वेगवेगळे टाका म्हटलं, मधल्या काळात तिथे बरंच काही झालं होतं. निवृत्त मुख्याध्यापक स्वच्छ 'नाही' म्हणाले आणि वर चहा पाजला. काकांना तो नकार इतका आवडला की घरी येऊन त्यांनी काकूंना दोनदा सांगितला. "नाही म्हणाले ते. विचारलं म्हणून तर म्हणता आलं त्यांना." काकूंनी त्या दिवसाचं बोलणं आधीच वापरलेलं होतं, त्यामुळे त्या नुसत्या हसल्या.

चाळिसातले सत्तावीस परत चढले, पण या वेळी सुनेच्या पद्धतीने. पानावर जाईल तो फोटो लहान, मोबाईलवर बघायला पुरेल एवढाच. मोठा घरी, कपाटात. "माणूस एवढासा करायचा?" काका कळवळले. "छापायला गेला की फाटका दिसला पाहिजे, एवढासा," सून म्हणाली. नाव लिहायचं ते कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो. आरपार, मधोमध, फिकट. हे काकांच्या फारच जिवावर आलं. चाळीस वर्षं ज्या गालावर सावली पडू दिली नाही, त्यावर अक्षरं लिहायची म्हणजे काय. शेवटी तडजोड अशी झाली की अक्षरं गळ्यापासून खाली, कपड्यांवरून जातील, पण चेहऱ्याला एवढी लागून की चेहरा तेवढा कापला तर हनुवटी जाईल. हनुवटीशिवायचा फोटो जगात कुणी वापरणार नाही, अशी काकांची खात्री. सुनेने वाद घातला नाही. दर रविवारी सकाळी चहानंतर दोघं एकेक फोटो टाकून शोध घेतात, कुठे कोण फिरायला गेलंय का म्हणून.

सिस्टरचं नाव यादीत शेवटी होतं. काकांनी मुद्दामच मागे ठेवलेलं. गेले, बसले, वही उघडली, आणि विचारायच्या आधीच ती म्हणाली, "टाका."

"नाही म्हणालात तरी चालेल. खरंच."

"टाका म्हणते ना. पण माझ्यावर तुमच्या दुकानाचं नाव नको. माझं वाक्य लिहा आरपार. कुणी चोरलाच तर वाक्यासकट चोरू दे."

काका तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांचा धंदा, सुनेचं गणित, कंपनीचे फॉर्म, आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी तिथेच सुनेला फोन लावला. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या गणवेशावरून, घड्याळाच्या दोन्ही बाजूंनी, हनुवटीला लागून ते वाक्य गेलं: सहा महिने फक्त आईचं दूध. खाली बारीक अक्षरांत: वापरायचा असल्यास विचारा. आणि काकांचा फोन नंबर.

लोकांनी तो फोटो एकमेकांना पाठवला. ज्या पहिलटकरणीमुळे हे सगळं उघडकीला आलं, तिने तर आपल्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला, आणि बाळाचा राहिलेला फोटोही काढून नेला. या वेळी बाळ चादरीवर स्वस्थ पडून दिव्याकडे बघत होतं. काकांनी त्या फोटोचं काही घेतलं नाही आणि तो कुठे टाकलाही नाही.

मग दोनेक महिन्यांनी काकांना एक पत्र आलं, संगणकावरच. इथून फार लांबच्या, त्यांनी कधी नावही न ऐकलेल्या एका गावच्या दवाखान्यातून. लिहिणारी तिथली नर्स. तिने लिहिलं होतं, आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डात भिंतीवर लावायला हा फोटो हवा आहे, आपली आणि फोटोतल्या बाईंची परवानगी मिळेल का. नाही म्हणालात तरी राग नाही.

काकांनी ते पत्र सुनेकडून छापून घेतलं, नीट घडी घातली आणि त्याच पावली दवाखान्यामागची गल्ली गाठली. सिस्टर लसीकरणाच्या बाकावरून नुकतीच परतली होती. काकांनी पत्र वाचून दाखवलं. 'परवानगी' हा शब्द असलेली ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

"विचारलंय त्यांनी," काका म्हणाले. "आपल्या दोघांना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी..."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून." सिस्टरने पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः एकदा वाचलं. मग ते टेबलावर ठेवलं, चादरीच्या तुकड्यांशेजारी, आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

"पाठवा," ती म्हणाली. "मोठा पाठवा, भिंतीवर जायचाय. आणि त्या मुलीला विचारा, वॉर्डात खाटा किती आहेत."